चाळीस एकरांवर हरीण दिवसा थांबवायचं कसं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात शिकारीसाठी जमीन घेणारे अनेकदा चाळीस एकरांचा तुकडा घेतात. जुन्या सरकारी मोजणीत तो पाव मैल लांब, पाव मैल रुंद असा चौकोन आहे, म्हणजे साधारण चारशे मीटर बाय चारशे मीटर. त्याच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं तरी समोरची हद्द दोनशे मीटरांवर असते. इतक्या अंतरावरून माणसाचा वास हरणाला सहज लागतो. जमिनीचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं. तरीही बहुतेक जण सुरुवात करतात ती दुकानातून बियाण्याची पिशवी आणून, आणि जमिनीच्या मधोमध, जिथे ट्रॅक्टर सोयीने फिरतो तिथे, ती पेरून.

पीक छान येतं. हरणंही येतात, पण रात्री. रानात लावलेल्या कॅमेऱ्यात फोटो मिळतात ते अंधारातले, आणि उजाडायच्या आत कळप शेजाऱ्याच्या झाडीत जाऊन बसलेला असतो. कायदेशीर शिकार दिवसाउजेडीच करायची असते, त्यामुळे त्या पिकाचा उपयोग शेजाऱ्यालाच जास्त होतो. चाऱ्यावर हरीण येतं खरं, पण राहतं ते आडोशाला. म्हणून आराखडा आखताना आधी आपण कुठे पाऊल ठेवणार नाही ते ठरवायचं, मग हरीण कुठे बसेल ते, मग चारा कुठे, आणि शेवटी आपली वाट.

हे हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. आपल्या चितळ-सांबरासारखं ते सारंग कुळातलं आहे. नराची फाटेफुटी शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराच्या शिकारीला बंदी आहे. तिथे हरीण राज्याच्या ताब्यातलं सार्वजनिक धन मानलं जातं. जमीन तुमची असली तरी हरीण तुमचं नाही, आणि शिकारीला परवाना आणि हंगाम लागतोच. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो, बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवसांचा. एका हरणाचा वावर साधारण चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा, धरला तर तुमचे चाळीस एकर त्याचा सोळावा हिस्सा झाला. कळप बांधून ठेवणं शक्य नसतं. दिवसाचे जास्तीत जास्त तास तो तुमच्या हद्दीत राहावा एवढंच हातात असतं.

हरणाचा दिवस

व्हाइटटेल रवंथ करणारं जनावर आहे. ते भरभर पोट भरतं आणि मग सुरक्षित जागी बसून तासन्‌तास रवंथ करतं. पहाट आणि संध्याकाळ हे फिरण्याचे मुख्य वेळ. दिवसाचा बराचसा काळ बसण्यात जातो. मधूनच उठून, आळस देऊन, बसल्या जागेच्या आसपासचे कोंब खुडतं आणि पुन्हा बसतं. बसायच्या जागेभोवतीच खाण्याजोगं काही असेल तर त्याला भर दिवसा उघड्यावर यायची गरज पडत नाही. ते दिवसा हलावं पण फार लांब जाऊ नये, हे जमवणं म्हणजेच नियोजन.

हा भाग डोंगराळ आहे. हिमयुगातल्या हिमनद्या इथे पोचल्या नाहीत, त्यामुळे सपाट मिडवेस्टच्या मधोमध ही धार, सोंड आणि घळींची जमीन तशीच राहिली. धारेवर शेतं, उतारावर ओक-हिकरीचं रान, तळाला ओढा. अशा जमिनीवर हरीण बसतं ते बहुधा उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, धारेच्या थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला. धारेपलीकडून येणारा वारा पाठीमागचा वास आणून देतो, आणि खालचा उतार डोळ्यांना दिसतो. मोठा नर तर हमखास सोंडेच्या टोकाशी बसतो, कारण तिथून निसटायला दोन-तीन बाजू मोकळ्या असतात.

या जागा शोधायचा उत्तम काळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. हंगाम संपलेला असतो, त्यामुळे तुमच्या वावराने काही बिघडत नाही, आणि विरघळत्या बर्फात मागच्या हिवाळ्याच्या सगळ्या खुणा उघड्या असतात. बसलेल्या हरणाच्या अंगाच्या उबेने बर्फ लंबगोल खचतो. तो खळगा साधारण मीटरभर लांब असतो आणि तळाशी बर्फाची गुळगुळीत साय धरलेली असते. तिच्यात पोकळ, ठिसूळ, टोकाला गडद असे केस चिकटलेले सापडतात. लहान-मोठे चार-पाच खळगे जवळजवळ असतील तर तो माद्या आणि पाडसांचा गट. एकटाच मोठा खळगा, मागे आडवं खोड आणि शेजारच्या रोपट्यांवर शिंगं घासल्याच्या खुणा असतील तर नर. प्रत्येक जागा नकाशावर मांडा आणि तिथे उभं न राहता गुडघ्यावर बसून आजूबाजूला पाहा. हरणाच्या डोळ्यांच्या उंचीवरून किती लांबचं दिसतं ते तेव्हाच कळतं.

जिथे जायचं नाही ती जागा

चाळीस एकरांतले निदान बारा-पंधरा एकर सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पूर्ण बंद ठेवा. कॅमेऱ्याचं कार्ड काढायला नाही, गळलेलं शिंग बघायला नाही, जखमी जनावराचा माग काढण्याखेरीज कशालाच नाही. हा भाग शक्यतो अशा ठिकाणी निवडा की हंगामात नेहमी वाहणारा वारा तुमच्या वाटेवरून त्यात शिरणार नाही. इथे शरदात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून असतो, म्हणून रस्ता पूर्वेला असलेली जमीन पश्चिमेला रस्ता असलेल्या जमिनीपेक्षा सोपी जाते. विकत घेतानाच हे पाहावं. नंतर रस्ता हलवता येत नाही.

वाऱ्याबरोबर उताराची हवाही मोजावी लागते. ऊन चढलं की हवा तापून उतारावरून वर सरकते, आणि संध्याकाळी गार होऊन पाण्यासारखी घळींमधून खाली उतरते. संध्याकाळच्या शिकारीला धारेवरच्या मचाणावर बसलात आणि हरणं खालच्या घळीत असली, तर हवामानखात्याचा वारा कितीही अनुकूल असो, तासाभरात तुमचा वास त्यांच्या नाकात ओतला जातो. म्हणून वरच्या मचाणावर सकाळी, तळाच्या लपणात संध्याकाळी. तिथेही हवा हरणांकडून तुमच्याकडे येत असेल तरच.

आडोसा तयार करणं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जंगल आहे म्हणून आडोसा आहे असं समजणं. पन्नास-साठ वर्षं वाढलेल्या ओक-मेपलच्या रानात वर पानांचं छत घट्ट असतं आणि खाली ऊनच पोचत नाही. जमिनीवर नुसता पाचोळा. गुडघ्यावर बसलं तर शंभर मीटरपर्यंत आरपार दिसतं. अशा रानात हरीण थांबत नाही, नुसतं जातं-येतं. त्याला लागते जमिनीपासून दीड मीटरपर्यंतची दाटी, आणि ती हवी तर ऊन खाली उतरवायला हवं. म्हणजे काही झाडं पाडायला हवीत.

करवत सुरू करण्याआधी वनतज्ज्ञाला सोबत घेऊन रान फिरा. अक्रोड आणि चांगल्या ओकच्या सरळ खोडांना लाकूड म्हणून मोठी किंमत असते, आणि ओकची फळं हे शरदातलं हरणाचं आवडतं खाणं; ती झाडं रंगाची खूण करून राखायची. जमीन राज्याच्या व्यवस्थापित वन योजनेत करसवलतीसाठी नोंदलेली असेल तर मंजूर आराखड्याबाहेर तोड करता येत नाही. आणखी एक नियम इथे पक्का पाळायचा: एप्रिल ते जुलै ओकला कुठलीही जखम करायची नाही. त्या काळात ताज्या जखमेच्या वासाने येणारे भुंगे ओक विल्ट या बुरशीचा रोग आणतात, आणि लाल ओकच्या गटातलं झाड काही आठवड्यांत वाळतं. रोग मुळांच्या जोडातून शेजारच्या झाडांत उतरतो. तोडीचं काम जानेवारी ते मार्चमध्ये उरका.

बिनकामाच्या लहान झाडांसाठी वापरतात ती पद्धत म्हणजे झाड अर्धवट कापून आडवं करणं. तिथे तिला हिंज कट म्हणतात, बिजागरीसारखा काप. दहा ते पंधरा सेंटीमीटर जाडीचं खोड कमरेच्या ते छातीच्या उंचीवर, पडायच्या दिशेच्या उलट बाजूने, वरून खाली तिरकं कापत जायचं. दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश कापलं की झाड कलायला लागतं. मग करवत थांबवून हाताने किंवा आकड्याच्या काठीने हळूहळू ढकलायचं. एका बाजूची साल आणि थोडं लाकूड जोडलेलं राहिलं की आडवं झाड जिवंत राहतं, वसंतात पालवी येते, बुंध्याला धुमारे फुटतात. हरणाला एकाच झाडाकडून आडोसा आणि तोंडाजवळचा चारा मिळतो. बॉक्स एल्डर, एल्म, बासवुड आणि लहान मेपल यांची साल चिवट असते, ती चांगली वाकतात. ॲस्पेन मात्र कडकन तुटतं. ते सरळ जमिनीलगत तोडून टाका. त्याच्या मुळांतून इतके फुटवे येतात की दोन वर्षांत दाट बेट तयार होतं.

हे काम धोक्याचं आहे. खोड जाड असेल किंवा आधीच कललेलं असेल तर ते कापतानाच उभं चिरतं आणि चिरलेला भाग झटक्याने मागे, कापणाऱ्याच्या छातीच्या किंवा तोंडाच्या उंचीवर, येतो. म्हणून पंधरा सेंटीमीटरपेक्षा जाड झाडाला असा काप द्यायचा नाही. खोडाच्या बरोबर मागे कधीच उभं राहायचं नाही. शिरस्त्राण, कानाचं रक्षण आणि पायाला करवतरोधक आवरण हवंच. एकट्याने तर अजिबात नाही.

कुठे फसतं ते सांगतो. उत्साहात सगळी झाडं एकमेकांवर पाडली की काडेपेटी सांडल्यासारखा ढीग होतो. त्यात हरणाला शिरता येत नाही, आणि शिरलं तर पळता येत नाही. ते जागा सोडून देतं. पाडलेल्या झाडांचे शेंडे एकाच दिशेला, उताराला समांतर ठेवा. मधे मीटरभर रुंदीच्या वाटा मोकळ्या ठेवा, आणि प्रत्येक बसायच्या जागेला निदान दोन बाहेर पडायच्या बाजू हव्यात. उतारावर जिथे नैसर्गिक माचीसारखी सपाटी आहे तिथला दीड मीटरचा तुकडा दगड-काटक्या काढून साफ करा आणि त्याच्या वरच्या बाजूला एक आडवं खोड पाठीला राहू द्या. एकदम दहा एकरांवर तुटून पडण्यापेक्षा अर्ध्या-पाऊण एकराचे दोन-तीन कप्पे करावेत आणि पुढच्या मार्चमध्ये बर्फातले खळगे मोजून मग पुढचं ठरवावं.

ऊन खाली आलं की हवं ते उगवतं तसं नको तेही उगवतं. इथलं मुख्य दुखणं म्हणजे युरोपातून कुंपणासाठी आणलेला बकथॉर्न आणि परदेशी हनिसकल ही झुडपं. लांबून पाहिलं तर आडोसा वाटतो, पण त्याखाली काहीच उगवत नाही आणि ओकची नवी रोपं दबून मरतात. छत मोकळं करण्याच्या आदल्या वर्षी तो काढा. जमिनीलगत कापून लगेच, काही मिनिटांतच, खुंटावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावायचं. नुसता कापला तर एका खोडाची दहा होतात. मराठी वाचकाला यात घाणेरी आठवेल. शोभेचं झुडूप म्हणून आली आणि जंगलाचं जंगल व्यापून बसली. मेळघाटात कोहा, कुंड, बोरी ही गावं हलल्यानंतर जुन्या शेतजमिनींवर चितळ-सांबर-गव्यांसाठी कुरणं राखायची तर तरोट्यासारखं तण फुलावर यायच्या आत उपटणं हेच तिथल्या वनमजुरांचं मोठं काम असतं. हेतू वेगळा, तिथे शिकारीचा प्रश्नच नाही, पण जमिनीची रीत तीच: एकदा बी पडलं की पुढची कित्येक वर्षं तेच निस्तरावं लागतं.

उघड्या शेताच्या तुकड्याला आडोसा द्यायचा असेल तर स्विचग्रास हे उंच देशी गवत. ते हरीण खात नाही, ते नुसतं दडण आहे. दीड-दोन मीटर वाढतं आणि चांगल्या जातीचं गवत बर्फाखाली लोळत नाही. केव्ह-इन-रॉक ही त्यासाठी नावाजलेली जात. एकरी सुमारे तीन किलो जिवंत शुद्ध बी लागतं. इथे पिशवीवरचा आकडा वाचायला शिका. शुद्धता 95 टक्के आणि उगवण 80 टक्के असेल तर दोन्हींचा गुणाकार 76 टक्के. म्हणजे तीन किलो जिवंत बियाण्यासाठी पिशवीतलं जवळजवळ चार किलो बी पेरावं लागतं. या बियाण्याला सुप्तावस्था असते आणि ती मोडायला गारवा आणि ओल लागते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच, आधीच्या शरदात तण मारून उघड्या ठेवलेल्या जमिनीवर फोकून द्यायचं. रात्री गोठणारी आणि दिवसा सुटणारी माती ते आपणच आत ओढून घेते. उबदार मे महिन्यात कोरडं बी पेरलं तर त्यातलं बरंचसं त्या वर्षी उगवतच नाही, आणि मालक निराश होऊन जमीन नांगरून टाकतो.

पहिल्या वर्षी खत घालू नका, कारण त्याने आधी तणच माजतं. तण गवताच्या वर गेलं की वीस-पंचवीस सेंटीमीटर उंचीवर यंत्र फिरवून छाटा. उगवणपूर्व तणनाशकाने काम सोपं होतं, पण ॲट्राझिन वापरायला विस्कॉन्सिनच्या कित्येक भागांत भूजलामुळे बंदी आहे. आपल्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कृषी विस्तार कार्यालयात विचारूनच औषध घ्या. पहिल्या सप्टेंबरात तुकडा पाहिला तर तणात काही बारीक काड्या दिसतील, बाकी काही नाही. तो बिघडलेला नसतो, गवत मुळं धरत असतं. तिसऱ्या वर्षी त्यात माणूस दिसेनासा होतो.

चाऱ्याचा तुकडा

आधी हिशेब. मोठं हरीण दिवसाला कोरड्या वजनात दोन-तीन किलो खातं. अर्ध्या एकराच्या क्लोव्हर या चारापिकाने हंगामभरात टनभर कोरडा चारा दिला असं धरा. म्हणजे चारशे हरीण-दिवस. वीस हरणांना वीस दिवस. एवढ्याशा तुकड्यावर कळप पोसला जात नाही. हरणाचं मुख्य खाणं रानातले कोंब, रुंद पानांच्या वनस्पती आणि झाडांची फळं हेच आहे, आणि मोकळं केलेलं रान बंद छताच्या रानापेक्षा कित्येक पट जास्त चारा देतं. चाऱ्याचा तुकडा हा हरणाने कुठून कुठे जावं हे ठरवण्यासाठी असतो. हे लक्षात आलं की त्याची जागाही बदलते.

चाळीस एकरांवर दोन प्रकारचे तुकडे पुरतात. एक मोठा, दीड-दोन एकरांचा, जिथे हरणं रात्रभर चरतील. त्यावर शिकार करायची नाही किंवा फारच क्वचित. दुसरे लहान, पाव एकराचे, बसायच्या जागा आणि मोठ्या तुकड्याच्या मधल्या वाटेवर. पाव एकर म्हणजे साधारण वीस मीटर बाय पन्नास मीटर. हरीण अंधार पडण्याआधी इथे थांबून चार घास घेतं. मधे कंबर आवळलेला, डमरूसारखा आकार ठेवला की ते त्या अरुंद भागातून जातं, आणि तिथून पंधरा-वीस मीटरांवर वाऱ्याच्या खालच्या अंगाला मचाण. बसायच्या जागेला अगदी लागून तुकडा करू नका. निदान सत्तर-ऐंशी मीटरांचं दाट रान मधे राहू द्या, नाहीतर मचाणावर चढतानाच हरणं उठून जातील.

मातीपासून सुरुवात करा. तुकड्यातल्या दहा-पंधरा ठिकाणांहून पंधरा सेंटीमीटर खोलपर्यंतची माती घ्या, बादलीत मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत पाठवा. रानातल्या जमिनीचा सामू (pH) बहुधा साडेपाचाच्या आसपास निघतो. क्लोव्हरला साडेसहा हवा. तेवढा चढवायला या गाळवट मातीत एकरी दोन-तीन टन शेतीचा चुना लागू शकतो, आणि तो लागू पडायला सहा महिने ते वर्ष जातं. म्हणून चुना आधीच्या शरदात टाकून मातीत मिसळायचा. लोक चुना टाळून खताची पोती ओततात. आम्ल मातीत स्फुरद अडकून बसतं आणि क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत. एवढं खत वाया जातं.

क्लोव्हर. आपल्याकडच्या बरसीमाच्या नात्यातलं हे पीक. पांढऱ्या क्लोव्हरचं बी खसखशीसारखं बारीक, एकरी साडेतीन किलो पुरे. रायझोबियम जिवाणूंची बीजप्रक्रिया केलेलं बी घ्या. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर कोंब वर येतच नाही. त्यामुळे भुसभुशीत केलेली जमीन आधी रोलरने इतकी दाबायची की चालताना बुटाचा ठसा फक्त टाचेएवढा उमटावा. मग बी फोकायचं आणि पुन्हा रोलर. हेच बी मार्चमध्ये गोठत्या-सुटत्या जमिनीवरही फोकता येतं. नत्र द्यायचं नाही. क्लोव्हर स्वतःचं नत्र हवेतून घेतं; युरिया दिला तर गवतच माजून त्याला झाकतं. तण फुलावर येताना पंधरा-वीस सेंटीमीटरवर छाटणी करायची, पण कडक उन्हाळ्यात आणि दुष्काळात नाही, कारण उघडी पडलेली माती तापते आणि क्लोव्हर मरतं. नीट राखलं तर तीन-चार वर्षं टिकतं.

राय. गव्हाच्या नात्यातलं हिवाळी धान्य. खराब माती, कमी सामू, उशिराची पेरणी, सगळं सोसतं. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एकरी पन्नास किलो. पहिल्याच वर्षी नव्या तुकड्यावर काय पेरायचं असं विचारलं तर उत्तर हेच: राय, आणि तिच्यात क्लोव्हर. राय शरदात हिरवा चारा देते, वसंतात तण दाबते, आणि जूनमध्ये छाटली की खाली क्लोव्हर तयार असतं. दुकानात मात्र रायग्रास मागू नका. नाव सारखं असलं तरी ते वेगळंच गवत आहे. हरीण त्याला फारसं विचारत नाही आणि पुढे ते तण होऊन बसतं.

सलगम, मुळा, रेप. मोहरीच्या कुळातली ही पिकं मोठ्या तुकड्यासाठी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सगळं मिळून एकरी दोन-अडीच किलो बी. यांना नत्राची भूक मोठी. एकरी साठ किलोच्या आसपास युरिया, तोही पाऊस येणार असेल तेव्हाच, निम्मा पेरताना आणि निम्मा महिन्याने. कमी दिसतं म्हणून बी दुप्पट टाकणं ही नेहमीची चूक. रोपं एकमेकांना खेटतात, पानं तळहाताएवढीच राहतात आणि गड्डा धरतच नाही. कडक गारठ्यात दव गोठून पानं गोड झाली की हरणं यांच्याकडे वळतात, म्हणजे हे पीक नोव्हेंबर-डिसेंबरचं. काही भागांतली हरणं पहिलं वर्षभर त्याला तोंडही लावत नाहीत, मग सवय होते. एकाच जागी दोन वर्षांपेक्षा जास्त घेऊ नका. मुळांना रोग धरतो.

सोयाबीन. याबद्दल विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. रोही आणि हरणं कोवळ्या सोयाबीनचं काय करतात ते त्याने पाहिलेलं असतं. सोयाबीनचा वाढीचा कोंब जमिनीच्या वर असतो. दोन दलांच्या खाली खुडला की रोप संपलं. अर्ध्या एकरातलं सोयाबीन दोन आठवड्यांत साफ होतं. दोन-तीन एकर नसतील आणि विजेचं कुंपण घालायची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मचाणापर्यंतची वाट उघडी असेल तर तिच्या कडेने उंच पिकाचा पडदा लावतात. त्यासाठी जे बियाणं इजिप्शियन गहू म्हणून विकतात ती खरं तर ज्वारीच आहे, तीन मीटरपर्यंत वाढणारी. माती चांगली तापल्यावर, मेच्या शेवटी, पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात विरळ पेरा. दाट पेरली की ताटं बारीक होतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या वादळात सगळा पट्टा आडवा. वाटेवरचा पाचोळा हंगामाच्या आधी दाताळ्याने ओढून ठेवा. कोरड्या ओकच्या पानांवर पाय पडला की शंभर मीटरांवरचं हरीण मान वर करतं. आणि परतीचाही विचार आधीच करा. अंधार पडताना तुकड्यावर हरणं असतील आणि तुम्ही मचाणावरून उतरलात, तर दोन-तीन वेळांतच ती त्या जागेला ओळखतात. घरच्या कुणीतरी गाडी घेऊन तुकड्यापर्यंत यावं; हरणं गाडीला बाजू देतात, गाडी गेली की परत येतात, आणि तुमचा संबंध त्या मचाणाशी जोडत नाहीत.

पीक आलं की नाही हे कसं ओळखायचं

पेरल्या दिवशीच तुकड्यात तारेचा एक पिंजरा ठेवा. सव्वा मीटर उंचीची, साडेतीन-चार मीटर लांबीची जाळी गोल वळवून दोन खुंट्यांना बांधली की झालं. महिन्याने आत गुडघाभर क्लोव्हर आणि बाहेर दोन बोटांचं असेल तर पीक उत्तम आलंय, हरणं जास्त आहेत. आत-बाहेर दोन्हीकडे सारखंच खुरटं असेल तर दोष मातीचा किंवा पेरणीचा. हा पिंजरा नसला की लोक हरणांनी खाल्लेल्या पिकाला न उगवलेलं समजतात आणि पुन्हा तेच बी पेरतात.

पिंजऱ्याच्या आत-बाहेरचा फरक दरवर्षी वाढत असेल तर आणखी पेरणी हा उपाय नाही. जमीन जितकी पोसू शकते त्यापेक्षा हरणं जास्त झाली आहेत, आणि मोठ्या शिंगांच्या नराची वाट पाहत माद्या मारायचे परवाने न वापरणं हे त्याचं नेहमीचं कारण. शिवाय दाटीने रोग पसरतो. हरणांचा मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांत 2002 मध्ये सापडला. विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग लाळेतून आणि विष्ठेतून मातीत उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे रोग असलेल्या कौंटींमध्ये मक्याचे ढीग किंवा मिठाचे दगड ठेवून हरणं जमवायला बंदी आहे. पेरून उगवलेल्या पिकाला ही बंदी लागू नाही, पण एकाच तुकड्यावर सगळा कळप नाकाला नाक लावून चरेल अशी रचनाही टाळावी. अशा कौंटींत तीन लहान तुकडे एका मोठ्या तुकड्यापेक्षा बरे. कडाक्याच्या थंडीत दया येऊन एकदम मका टाकू नका. कोंब-काड्या पचवणाऱ्या पोटातले जिवाणू अचानक आलेला स्टार्च झेपवू शकत नाहीत. पोट आम्ल होतं आणि हरीण भरल्या पोटी मरतं.

रानाची तब्येत पाहायची असेल तर मार्चमध्ये पुन्हा एकदा चालत जा आणि गुडघ्याच्या उंचीवरच्या डहाळ्या बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते डहाळी पकडून ओढून तोडतं. टोक फाटलेलं, धागे निघालेलं असतं. सुरीने तिरकी कापल्यासारखी साफ डहाळी असेल तर ते काम सशाचं. या वर्षीच्या वाढीतलं टोकच खुडलेलं असेल तर ठीक. आदल्या वर्षीचं जाड लाकूडही कुरतडलेलं असेल, आणि दीड मीटर उंचीपर्यंत सगळी झाडी एका रेषेत साफ झालेली दिसत असेल, तर पुढच्या शरदात नव्या बियाण्याच्या आधी माद्यांचे परवाने काढा.